शेळीच्या धारेचं मशीन: लहान कळपासाठी समजून घ्यायच्या गोष्टी

लातूर, धाराशिव, बीडकडे बंदिस्त शेळीपालन करणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: धारेसाठी मशीन घेऊ का? त्याला हो किंवा नाही सांगण्याआधी मी विचारते, आज सकाळी किती शेळ्यांची धार काढली आणि सगळं मिळून दूध किती निघालं? गोठ्यात एकूण शेळ्या किती, याचा इथे फारसा उपयोग नाही. गोठ्यात चाळीस असतील आणि दुधावर सहाच असतील.

आपली उस्मानाबादी मुळात मटणाची आणि करडांची शेळी. जुळी देण्यात ती पुढे, पण दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर आणि तेही साधारण चार महिने. त्यातलं बरंचसं करडं पितात, आणि प्यायलाच हवं, कारण करडाचं वाढलेलं वजन हाच त्या गोठ्याचा पैसा. अशा कळपात मशीन आणलं तर ते खुंटीला टांगून राहील. बीटल, जमनापारी किंवा सानेनचा संकर पाळून शहरात घरोघरी दूध देणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे सकाळ-संध्याकाळ बारा-पंधरा शेळ्या पिळायच्या असतात, आणि बहुतेक घरांत हे काम बाईच्या हाती असतं. रोजच्या पिळण्यानं मनगट आणि अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, तो औषधानं थांबत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे तेच काम पुन्हा करायचं असतं. मशीनचा खरा उपयोग या हातांना आहे.

माझा अंदाज असा: एका वेळी दहा-बारा शेळ्या दुधावर असतील आणि प्रत्येकीचं दिवसाचं दूध दीड-दोन लिटरच्या घरात असेल, तर मशीनचा विचार करावा. त्याखाली नको. याचं कारण साधं आहे. मशीन जोडायला आणि नंतर धुवायला अर्धा तास तरी जातो. शेळ्या चार असोत की चौदा, हा वेळ तेवढाच राहतो. आणि विकणारा काहीही म्हणो, मशीननं दूध वाढत नाही. दूध वाढतं जातीनं, चाऱ्यानं, पाण्यानं आणि निरोगी कासेनं. मशीन चुकीचं लावलं तर मात्र दूध नक्की कमी होतं.

मशीन आत काय करतं

सडाच्या टोकाला स्नायूचं एक घट्ट कडं असतं. एरवी ते बंद राहतं, म्हणून दूध गळत नाही. हातानं धार काढताना आपण सड वरून अंगठा आणि बोटानं बंद करतो आणि खाली दाबतो. आतला दाब वाढतो, कडं उघडतं, धार लागते. मशीन सडाला दाबत नाही. ते सडाच्या बाहेरच्या हवेचा दाब कमी करतं. आतला दाब आपोआप बाहेरच्यापेक्षा जास्त ठरतो आणि दूध बाहेर येतं. या कमी केलेल्या दाबाला व्हॅक्यूम म्हणतात, आणि मोटरला जोडलेला पंप तो तयार करतो.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. अडचण पुढे आहे. व्हॅक्यूम फक्त दूध ओढत नाही, सडातलं रक्तही टोकाकडे ओढतो. बोटाला दोरा घट्ट गुंडाळून ठेवला की टोक सुजून बधिर होतं, तसं सडाचं होतं. एकोणिसाव्या शतकातली बरीच यंत्रं अशी एकसारखी ओढणारी होती आणि जनावरांच्या कासा त्यांनी खराब व्हायच्या. करडू चोखताना बघा. ते जिभेनं सड टाळूला दाबतं, ओढतं, मग घोट गिळायला क्षणभर सोडतं. त्या क्षणात सडाला उसंत मिळते. १८९५ मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्सनं ओढ आणि उसंत आलटून पालटून देणारं यंत्र केलं. १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांडर गिलीसनं दोन कप्प्यांचा कप आणला. आजही सगळीकडे तोच चालतो.

तो कप असा असतो. बाहेर स्टीलची किंवा प्लास्टिकची कडक नळी, आत रबराची किंवा सिलिकॉनची मऊ नळी. या आतल्या नळीला लायनर म्हणतात, सड त्यातच जातो. लायनरच्या आत व्हॅक्यूम कायम असतो, म्हणून कप सडावरून खाली पडत नाही. लायनर आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये जी पोकळी आहे, तिथे पल्सेटर नावाचा भाग कधी व्हॅक्यूम देतो, कधी साधी हवा सोडतो. पोकळीत व्हॅक्यूम असला की लायनर मोकळा होतो आणि दूध येतं. हवा आली की लायनर सडाभोवती मिटतो, दूध थांबतं आणि सडातलं रक्त परत वर जातं. ‘टक-टक’ असा जो आवाज येतो तो पल्सेटरचा. मशीन बघायला गेलात तर पंपाच्या ताकदीपेक्षा आधी या आवाजाकडे लक्ष द्या.

म्हणूनच हातानं दाबायचे किंवा लहान बॅटरीवरचे, पल्सेटर नसलेले स्वस्त पंप मला शेळीला लावायला आवडत नाहीत. एखाद्या शेळीचे सड कठीण असून पिळताना आपला हात दुखत असेल तर तेवढ्यापुरता, अगदी थोडा वेळ, एवढाच त्यांचा वापर ठीक. रोज दोन वेळा कळपाला लावायची ती वस्तू नव्हे.

गाईचे आकडे शेळीला चालत नाहीत

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४.८९ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, आणि शेळीच्या दुधात भारत जगात पहिला आहे. तरी आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक मशीनं गाई-म्हशींसाठी जुळवलेली असतात. विक्रेता त्याच मशीनला दोन कपांचं क्लस्टर, म्हणजे कप आणि नळ्यांचा जोड, लावून ‘शेळीचं मशीन’ म्हणून देतो. त्यात गैर काही नाही, पण आतली जुळवणी बदलून घ्यायला हवी.

व्हॅक्यूम किलोपास्कल या दाबाच्या एककात मोजतात. गाईला साधारण ४२ ते ५० किलोपास्कल चालतो. शेळीला ३६ ते ४२ पुरतो. व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजवर पाऱ्याचे मिलिमीटर असतील तर शेळीसाठी काटा २७० ते ३१५ च्या दरम्यान हवा, इंच असतील तर साडेदहा ते साडेबारा. नवीन माणसानं ३८ किलोपास्कलपासून, म्हणजे २८५ मिलिमीटरपासून सुरुवात करावी. कप घसरत नसतील आणि धार नीट येत असेल तर वाढवायची गरज नाही. ‘थोडा वाढवला की लवकर होतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वाचलेलं अर्धं मिनिट सडाच्या टोकावर वसूल होतं.

दुसरा आकडा ठोक्यांचा. गाईचं मशीन मिनिटाला ६० ठोके देतं. शेळीला ८० ते १०० लागतात, बहुतेक जण ९० ठेवतात. मोजायला यंत्र नको. मशीन चालू करा, कपात अंगठा घाला, लायनर अंगठ्याला किती वेळा दाबतो ते घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा. बावीस-तेवीस वेळा दाबला तर ९० चा वेग बरोबर आहे. पंधराच वेळा दाबला तर ते अजून गाईचं मशीन आहे. काही पल्सेटरला स्क्रू असतो, तो फिरवून वेग बदलता येतो. इलेक्ट्रॉनिक पल्सेटरचा वेग ठरलेला असतो, तो विकत घेतानाच शेळीचा मागायचा. प्रत्येक ठोक्यात उघडा वेळ आणि मिटलेला वेळ यांचं प्रमाण ६०:४० किंवा ५०:५० असतं, दोन्ही चालतात. आपल्याकडे तुरीच्या भुसकटाची धूळ पल्सेटरच्या हवेच्या तोंडाशी बसते आणि ठोके मंदावतात. महिन्यातून एकदा अंगठ्याची ही मोजणी करून पाहा.

व्हॅक्यूम स्थिर ठेवण्याचं काम रेग्युलेटरचं. व्हॅक्यूम ठरल्यापेक्षा वाढला की तो बाहेरची हवा आत घेतो. तो ठीक आहे का हे पाहायला एका कपातून क्षणभर हवा आत जाऊ द्या आणि बंद करा. काटा खाली येऊन दोन-तीन सेकंदांत जागेवर गेला तर पंप आणि रेग्युलेटर दोन्ही बरे. रेंगाळला तर कुठेतरी गळती आहे किंवा पंप अपुरा आहे. व्हॅक्यूम असा डुलत राहिला तर दुधाचे थेंब उलटे उडून सडाच्या टोकावर आपटतात, आणि एका सडातले जंतू दुसऱ्यात जायला तेवढं पुरतं.

शेळीची कास

गाईच्या कासेत धारेच्या वेळी तयार साठलेलं दूध साधारण पाचवा हिस्सा असतं, बाकीचं पान्हा सोडल्यावरच खाली येतं. शेळीचं उलट. तिच्या कासेतलं तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त दूध खालच्या पोकळीत तयार असतं. म्हणून गाईसारखं तिला पान्ह्यासाठी फार थोपवावं लागत नाही. सड पुसले, पहिल्या दोन धारा बाजूला काढल्या, कप लावले की दूध सुरू. आणि संपतंही लवकर, बहुतेक शेळ्यांचं दोन-तीन मिनिटांत.

नवशिक्यांचं नुकसान होतं ते इथे. दूध थांबलं तरी ‘अजून निघेल’ म्हणून कप तसेच राहतात. रिकाम्या सडावर व्हॅक्यूम चालू राहणं हे मशीनचं सगळ्यात वाईट रूप. पारदर्शक नळीत धार बारीक झाली की कास हातानं हलकेच दाबून पाहा, उरलेलं येऊन जाईल, आणि थांबा. आधी व्हॅक्यूम बंद करायचा, मग कप काढायचे. व्हॅक्यूम चालू असताना कप ओढून काढला तर सडाच्या टोकाला जखम होते.

गाईच्या मशीनची माहिती वाचताना एक सल्ला मिळतो: धारेनंतर सडाचा रंग बघा, निळसर किंवा लाल पडला तर मशीन चुकतंय. हा सल्ला आपल्या काळ्या शेळीला लागू पडत नाही, कारण तिच्या काळ्या कातडीवर रंग दिसतच नाही. तिथे बोटांवर भरवसा ठेवावा लागतो. कप काढल्यावर सड लगेच चिमटीत धरा. मऊ आणि लवचीक लागला तर ठीक. कडक, फुगलेला लागला, बुडाशी कपाच्या तोंडाचं वळ उमटलं असेल, किंवा टोक खरखरीत झालं असेल, तर व्हॅक्यूम, ठोके आणि कप लावून ठेवायचा वेळ या तिन्ही गोष्टी तपासा.

सडाच्या आकाराचाही विचार करावा लागतो. उस्मानाबादीचे सड लहान, तर जमनापारीचे लांब. एकाच गोठ्यात दोन्ही असतील तर एकच लायनर सगळ्यांना बसेल अशी आशा धरू नका. सैल कप फुस्स आवाज करत घसरतो, आणि प्रत्येक घसरण म्हणजे गोठ्यातली घाण हवा दुधात. गाईचं चार कपांचं क्लस्टर दोन तोंडं बंद करून वापरतात काही जण. ते जड असतं आणि शेळीची कास खाली ओढतं. शेळीचं हलकं क्लस्टरच घ्या.

धार काढताना

ओटा किंवा लाकडी स्टँड हवाच. गुडघ्याएवढा उंच, पुढे मान अडकवायची जागा आणि खुराकाचं घमेलं. शेळ्या शिकायला चलाख असतात. खुराक दिसला की आपणहून चढतात. मशीन लावण्याआधी काही दिवस नुसता आवाज ऐकवत खुराक द्या. पंप गोठ्याच्या भिंतीबाहेर बसवला तर आवाज आणि धूर दोन्ही बाहेर राहतात.

पहिल्या धारा काळ्या कापडावर किंवा गडद वाटीत काढायच्या. गुठळ्या, पाणी, रक्त दिसलं तर त्या शेळीला मशीन लावायचं नाही, तिचं दूध हातानं वेगळं काढायचं. क्रम असा: पहिलटकरणी आधी, निरोगी शेळ्या नंतर, कासेची तक्रार असलेल्या सगळ्यात शेवटी. प्रत्येकीची कास पुसायला वेगळं फडकं. धार संपली की आयोडीनच्या द्रावणात सड बुडवायचा, कारण टोकाचं कडं पुन्हा घट्ट मिटायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात शेळी शेणामुतात बसू नये म्हणून गव्हाणीत चारा टाकून ठेवावा, ती उभी राहून खाते.

कासदाहाला, ज्याला आपण दगडी म्हणतो, मशीन एकटं कारण ठरत नाही, पण बिघडलेलं मशीन तो कळपभर पसरवतं. एक गोष्ट इथे सांगायला हवी. कासदाह ओळखायच्या चाचण्या दुधातल्या पेशी मोजतात. शेळीच्या दुधात निरोगी असतानाही गाईपेक्षा जास्त पेशी असतात. गाईच्या मापानं पाहिलं तर चांगली शेळीही आजारी वाटेल आणि विनाकारण प्रतिजैविकं दिली जातील. दोन्ही सडांची चाचणी एकमेकांशी ताडून पाहा; एकाच बाजूचं दूध चाचणीत जास्त घट्ट होत असेल तर संशय खरा. मग डॉक्टरांना बोलवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शंका असली तर तिथेही विचारावं. प्रतिजैविक दिलं तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध विकायचं नाही.

धुण्याला इथे जास्त जागा देते

कारण मशीन बंद पडतं ते बहुतेक वेळा मोटरनं नाही, धुण्याच्या कंटाळ्यानं.

दुधातल्या तीन गोष्टी मशीनला चिकटतात आणि तिन्ही वेगवेगळ्या उपायांनी सुटतात. प्रथिनं गरम पाण्यानं घट्ट बसतात, म्हणून पहिलं पाणी कोमट, ३५ ते ४० अंशांचं. कडकडीत पाणी आधी टाकलं की नळीच्या आत पापुद्रा धरतो. स्निग्धांश उलट गरम पाण्याशिवाय निघत नाही, म्हणून दुसऱ्यांदा ६०-७० अंशांचं पाणी आणि डेअरीची फेस न येणारी अल्कली पावडर. भांड्यांचा साबण वापरू नका, त्याचा फेस व्हॅक्यूमच्या नळीतून पंपाकडे जातो. पाणी ४० अंशांच्या खाली यायच्या आत ते काढून टाका, नाहीतर सुटलेला स्निग्धांश परत चिकटतो. मग साध्या पाण्यानं धुऊन सगळं उलटं टांगायचं.

तिसरी गोष्ट क्षार, आणि मराठवाड्यात ती सगळ्यात जास्त त्रास देते. आपलं बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाच्या तोटीला पांढरा थर येतो, तोच नळीच्या आत दुधाच्या अंशासह बसतो आणि त्यात जंतू घर करतात. तो अल्कलीनं जात नाही, त्याला आम्ल लागतं. पाणी मध्यम असेल तर आठवड्यातून एकदा डेअरीचं आम्ल पुरतं, फार जड असेल तर दोन-तीनदा. आम्ल आणि ब्लीचिंग किंवा क्लोरिनचं द्रावण कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही नको. मध्ये साध्या पाण्यानं पूर्ण धुवा. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो.

पाण्याचा हिशोबही आधी करून ठेवा. बादलीच्या लहान मशीनला एका वेळी पंचवीस-तीस लिटर धरा, म्हणजे दिवसाला पन्नास-साठ. एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर असलेल्या गावात हे थोडं नाही. पहिलं दुधाळ पाणी आणि शेवटचं साधं पाणी घासाच्या वाफ्याला सोडता येतं. पावडरचं आणि आम्लाचं पाणी वेगळ्या खड्ड्यात.

विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट. अर्धा तास चालली तर साधारण अर्ध्या युनिटच्या आसपास. प्रश्न बिलाचा नसून लाइट जाण्याचा आहे. धार वेळेवर व्हायला लागते, रात्रीच्या थ्री फेजची वाट बघत शेळी थांबत नाही. म्हणून सिंगल फेजवर चालणारी मोटर घ्या आणि लहान जनरेटर किंवा मोटरचा सुरुवातीचा धक्का पेलणारा इन्व्हर्टर जवळ ठेवा. तेलाच्या पंपात तेलाची पातळी रोज बघायची. पंपाच्या आधी एक लहान टाकी असते, ती चुकून आलेलं दूध आणि पाणी अडवते. तिच्यात काही साठलेलं दिसलं तर ते का आलं ते शोधा, नुसतं ओतून देऊ नका.

निघालेलं दूध उन्हाळ्यात फार लवकर नासतं. चाळीस अंशांच्या दुपारी काही तासांतच आंबट वास येऊ शकतो. दुधाची किटली लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत ४ अंशांपर्यंत आणा. दूध थोडं-थोडं साठवायचं असेल तर गोठवूनही ठेवता येतं. बोकड धारेच्या जागेपासून लांब बांधा, त्याचा वास दुधाला लागतो आणि मग गिऱ्हाईक शेळीलाच दोष देतं. आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की दूध उकळूनच प्यायचं. ब्रुसेलोसिससारखा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो. ‘कच्चं शेळीचं दूध औषधी’ हे ऐकून लहान मुलांना ते दिलं जातं, ते थांबायला हवं.

घेताना

मशीन दुकानात नाही, आपल्या गोठ्यात, आपल्या शेळ्यांवर चालवून दाखवायला सांगा. गेज, रेग्युलेटर आणि पल्सेटर तिन्ही आहेत का पाहा. लायनर आणि पल्सेटरचे पडदे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारा. पार्ट पुण्याहून यायला आठवडा लागणार असेल तर स्वस्त मशीन महाग पडतं. रबराचा लायनर दिसायला चांगला असला तरी सहा महिन्यांनी बदला. आतून तो खडबडीत होतो, ताण धरत नाही आणि धुतला जात नाही. लावलेली तारीख कपावर मार्करनं लिहून ठेवा. एक जोडी लायनर, पल्सेटरचा पडदा, पंपाचा पट्टा आणि मीटरभर नळी घरात सुटी असू द्या.

करडं असलेल्या शेळ्यांसाठी सोपी पद्धत म्हणजे करडं रात्री वेगळी ठेवायची, सकाळी मशीननं धार काढायची आणि दिवसभर करडं आईजवळ सोडायची. व्याल्यानंतरचे पहिले दिवस चीक करडांचाच, तेव्हा मशीन लावायचं नाही. आणि घरातल्या दोन माणसांना तरी हातानं धार काढता येत राहू द्या. आठवड्यातून एखाद्या वेळी सगळ्या शेळ्या हातानं पिळाव्यात. त्या निमित्तानं प्रत्येक कास बोटांखालून जाते, गाठ असेल तर सापडते, आणि पट्टा तुटला त्या संध्याकाळी कुणी अडून बसत नाही.